केशराच्या दोन परीक्षा

मुघल बादशहा जहांगीर याला एक खोड होती. कुणी काही सांगितलं की ते खरं आहे का, हे तो स्वतः करून पाहायचा. सारस पक्ष्यांची जोडी अंडी किती दिवस उबवते याची त्याने नोंद ठेवली. आकाशातून पडलेल्या उल्केचं लोखंड वितळवून त्याच्या तलवारी करवून घेतल्या. या खोडीपायीच त्याने एकदा केशराची परीक्षा घेतली. ती हकिकत त्याच्या आत्मचरित्रात, म्हणजे ‘तुझुक-इ-जहांगिरी’त आहे.

झालं असं, की वैद्यकाच्या एका जुन्या ग्रंथात त्याच्या वाचनात आलं: केशर खाल्ल्याने माणसाला हसू येतं, आणि फार खाल्लं तर तो हसून हसून मरण्याची भीती असते. बादशहाने तुरुंगातून देहान्ताची शिक्षा झालेला एक कैदी आणवला आणि आपल्यासमोर त्याला पाव शेर केशर खायला लावलं. पाव शेर म्हणजे ४० मिस्काल, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. कैद्याला काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला दुप्पट, ८० मिस्काल केशर दिलं. त्याच्या ओठांवर साधं स्मितही उमटलं नाही. मग हसण्याची आणि मरण्याची गोष्टच दूर!

आता आपण थोडं गणित करू. एक मिस्काल सुमारे साडेचार ग्रॅम धरला तर ४० मिस्काल म्हणजे १८० ग्रॅम. एक किलो सुकं केशर मिळवायला साधारण दीड लाख फुलं खुडावी लागतात. म्हणजे त्या कैद्याने पहिल्या दिवशी २७ हजार फुलांचं आणि दुसऱ्या दिवशी ५४ हजार फुलांचं केशर पोटात घातलं. इतकं केशर गिळणं कसं जमलं असेल, देव जाणे. शिवाय, ज्याला फाशीची वाट पाहायची आहे त्याने हसावं अशी अपेक्षा ठेवणं हीसुद्धा बादशाही गोष्टच.

आजच्या नजरेने हा प्रयोग क्रूर आहे आणि सदोषही. माणूस एकच. तुलनेला दुसरा कुणी नाही. केशर शुद्ध होतं का, याचा पत्ता नाही. तरीही या हकिकतीचं मला महत्त्व वाटतं. केशराच्या साडेतीन हजार वर्षांच्या इतिहासात लोकांनी त्याची परीक्षा सतत घेतली, पण ती बहुतेक वेळा एकाच प्रकारची: ‘हे केशर खरं की खोटं?’ दुसरा प्रश्न, ‘हे औषध म्हणून खरोखर चालतं का?’, हा विचारणारे अगदी थोडे. जहांगीर त्यांतला एक.

नावं आणि दंतकथा

केशराचं झाड, खरं तर झुडूपही नव्हे, वीतभर उंचीचं रोप. शास्त्रीय नाव क्रोकस सॅटायव्हस. ऑक्टोबरच्या अखेरीस जांभळी फुलं येतात. फुलाच्या मधोमध तीन लाल काड्या असतात. त्या सुकवल्या की झालं केशर.

इथे वर्गात एक गंमत सांगता येते. संस्कृतात ‘केसर’ म्हणजे तंतू, आयाळ. म्हणून आयाळवाला सिंह तो केसरी. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकात आपण ‘पुंकेसर’ शिकवतो तो हाच शब्द. पण आपण खातो ते केशर पुंकेसर नव्हेच. ती आहे फुलाची कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक. पुंकेसर त्याच फुलात असतात, तीन, पिवळे. त्यांना केशराचा वासही नाही की रंगही. ते लाल काड्यांत मिसळणं ही भेसळीची जुनी आणि सर्वांत सोपी रीत.

या रोपाला बी धरत नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे तर तीन संच आहेत, एकूण २४. तीनाची सम वाटणी होत नाही, त्यामुळे बीज तयार होताना सगळा घोळ होतो. जमिनीतला घनकंद उकरायचा, त्याची पिल्लं सोडवायची आणि पुन्हा लावायची, एवढाच मार्ग. जगातलं केशराचं प्रत्येक रोप कुणातरी माणसाच्या हातून लागलेलं आहे. २०१९ मध्ये जनुकीय अभ्यासांतून दिसून आलं की याचा पूर्वज ग्रीसमध्ये रानात उगवणारा क्रोकस कार्टराइटियानस हा आहे, आणि अथेन्सच्या आसपासच्या प्रदेशातल्या रानटी रोपांशी त्याचं सर्वांत जवळचं नातं आहे.

म्हणजे केशर मुळात ग्रीसकडचं. ते काश्मीरला कसं आलं? काश्मिरात दोन दंतकथा सांगतात. एकीत तक्षक नागाचे डोळे दुखत होते. पद्मपूरच्या, म्हणजे आजच्या पांपूरच्या वैद्याने ते बरे केले आणि नागाने त्याला केशराचा कंद दिला. दुसरीत परदेशातून आलेले सूफी संत आजारी पडले. स्थानिक माणसाने उपचार केले आणि संतांनी कृतज्ञता म्हणून कंद दिला. एक कथा हिंदू, एक मुसलमान. पण दोन्हींत केशर येतं ते वैद्याची फी म्हणून! केशर आणि औषध यांची सांगड लोकांच्या मनात किती पक्की होती, ते यावरून कळतं. इतिहास म्हणून मात्र या कथा घेता येत नाहीत. बाराव्या शतकात कल्हणाने ‘राजतरंगिणी’त काश्मीरची जी वैभवं मोजली, त्यांत विद्या, बर्फाचं पाणी आणि द्राक्षं यांच्याबरोबर केशरही आहे. तेव्हा ते तिथे चांगलं रुजलेलं होतं.

‘अमरकोशा’त कुंकुमाचे, म्हणजे केशराचे, पर्यायी शब्द दिले आहेत. ‘काश्मीरजन्म’ आणि ‘बाह्लीक’ ही त्यातली दोन नावं. बाह्लीक म्हणजे बल्ख, आजच्या अफगाणिस्तानातला प्रदेश. माल कुठून येतो हे नावातच नोंदवलेलं आहे. आणखी एक नाव आहे ‘पिशुन’, म्हणजे चहाडखोर. बहुधा वासामुळे ते लपवून ठेवता येत नाही म्हणून!

आणि कुंकुम म्हणजे केशर, तर मग आपलं कुंकू? शब्द तोच. पण केशर सोन्याच्या भावाचं, ते रोज कपाळाला कोण लावणार? हळदीवर टाकणखार, लिंबू किंवा चुना यांची प्रक्रिया करून केलेली लाल भुकटी ही कुंकू झाली. नाव मोठ्याचं, माल घरचा. अरबी भाषेतही असंच झालं. ‘कुर्कुम’ हा शब्द हळदीला चिकटला, आणि त्यावरूनच हळदीच्या वंशाला वनस्पतिशास्त्रात ‘कुर्कुमा’ नाव मिळालं. केशर आणि हळद यांची नावांची अदलाबदल फार जुनी आहे.

पहिली परीक्षा: खरं की खोटं?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने लिहिलं की केशराइतकी भेसळ दुसऱ्या कशातच होत नाही. त्याने परीक्षाही सांगितली. केशर तळहाताखाली दाबावं. अस्सल असेल तर ठिसूळपणे कुरकुरतं, ओलसर भेसळीचं कुरकुरत नाही. त्याच शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस हा वजन वाढवण्यासाठी केशरात शिशाची पूड मिसळतात असं सांगतो. केशर औषध म्हणून पोटात घेतलं जाई हे लक्षात घेतलं म्हणजे या भेसळीचं गांभीर्य कळेल.

जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहराने या बाबतीत कळस केला. तिथे केशर तपासणारे खास अधिकारी नेमलेले असत. पंधराव्या शतकात भेसळ करणाऱ्यांना त्यांच्या केशरासकट भर बाजारात जाळल्याच्या, आणि एकदा तिघांना जिवंत पुरल्याच्या नोंदी आहेत. एवढी कडक शिक्षा असूनही भेसळ थांबली नाही. किंमत जिथे इतकी असते तिथे लोभ भीतीला भारी पडतो.

आज ही परीक्षा प्रयोगशाळेत होते. केशराचा पाण्यातला अर्क घेऊन तो ४४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो ते मोजतात. त्यावरून रंग कळतो. कडू चवीसाठी २५७ आणि वासासाठी ३३० नॅनोमीटरला मोजतात. आंतरराष्ट्रीय मानक ठरलेलं आहे.

या तीन मोजमापांमागे तीन रसायनं आहेत. रंग देणारं क्रोसिन, कडवटपणा देणारं पिक्रोक्रोसिन, आणि केशर वाळताना पिक्रोक्रोसिनपासून तयार होणारं, वासाचं सॅफ्रनाल. ताज्या फुलाच्या काडीला आपल्या ओळखीचा वास जवळजवळ नसतोच. तो सुकवण्यातून येतो. क्रोसिन हे गाजराच्या रंगद्रव्याचं नातेवाईक, पण एक फरक आहे. गाजराचा रंग पाण्यात उतरत नाही, फोडणीच्या तेलात उतरतो. क्रोसिनच्या रेणूला दोन्ही टोकांना साखरेचे रेणू जोडलेले असतात, त्यामुळे ते पाण्यात सहज विरघळतं. या रंगद्रव्यांच्या रचनेवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॉल कॅरर आणि रिचर्ड कून या दोघांनी काम केलं. कॅररना १९३७ चं आणि कूनना १९३८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात कॅरोटिनवर्गीय द्रव्यांच्या अभ्यासाचा मोठा वाटा होता.

दुसरी परीक्षा, जी कुणी घेतली नाही

आता औषधाकडे वळू. ग्रीसच्या थेरा बेटावर ज्वालामुखीच्या राखेखाली साडेतीन हजार वर्षं दडलेल्या गावाचं उत्खनन १९६७ मध्ये सुरू झालं. तिथल्या भिंतीवर केशराची फुलं खुडणाऱ्या मुलींची चित्रं सापडली. त्यांतल्या एकीच्या पायाला जखम झाली आहे आणि ती पाय धरून बसली आहे. २००४ मध्ये दोन अभ्यासकांनी असं मांडलं की हे केशराच्या औषधी वापराचं चित्र असावं. असेलही. पण जखमी मुलगी आणि केशर एका चित्रात आहेत एवढ्यावरून उपचार सिद्ध होत नाही. चित्र पाहणाऱ्याने दुवा जोडला, चित्रकाराने जोडला होता का, हे कोण सांगणार?

लेखी पुरावा पाहिला तर डायोस्कोरिडीसने केशराचे जे उपयोग दिले त्यांत पचन, लघवी साफ होणं, डोळ्यांतून पाणी येणं, कानाची सूज आणि त्वचेला चांगला वर्ण येणं असं बरंच काही आहे. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त केशर डोकेदुखी, व्रण, कृमी, ओकारी यांवर सांगितलं आहे, ते ‘वर्ण्य’ आहे आणि चेहऱ्यावरचे वांग घालवतं असंही म्हटलं आहे. भावमिश्राने केशराचे तीन प्रकार केले: काश्मीरचं उत्तम, बाह्लीकाचं मध्यम, पारसीकाचं कनिष्ठ. आज आपल्याला माहीत आहे की जगभरचं केशर कंदाकंदांतून वाढलेलं असल्याने आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकच आहे. तेव्हा काश्मीर आणि इराणच्या मालातला फरक मुख्यतः माती, हवा, खुडणी आणि सुकवणी यांचा असणार.

अरबी-फारसी वैद्यकात केशराला ‘मुफर्रिह’ म्हणत, म्हणजे मन प्रसन्न करणारं. अकराव्या शतकातल्या इब्न सिना याच्या ग्रंथांत ते आहे. जहांगीरच्या वाचनात आलेला हसून मरण्याचा किस्सा याच परंपरेतला. पण त्याचं मूळ कदाचित आणखी मागे असावं. डायोस्कोरिडीस लिहितो की तीन ड्राख्मा केशर पाण्यातून घेतलं तर ते प्राणघातक ठरतं ‘असं म्हणतात’. त्याने स्वतः पाहिलेलं नव्हतं. पुढे अरबी-फारसी ग्रंथांत मरणाला हसण्याची जोड मिळाली. तीन ड्राख्मा म्हणजे दहा ते तेरा ग्रॅम. आजच्या औषधिशास्त्राच्या पुस्तकांतही बारा ते वीस ग्रॅम केशर प्राणघातक असं छापलेलं असतं. मला शंका येते, की हा आकडा प्रयोगातून आला की ऐकीव गोष्टच एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आपल्यापर्यंत आली? जहांगीरचा कैदी त्याच्या कितीतरी पट खाऊन जिवंत राहिला, निदान बादशहा तसं सांगतो. अर्थात, म्हणून कुणी मूठभर केशर खाऊन पाहू नये. पाच ग्रॅमच्या पुढे अपाय होऊ शकतो असं सगळेच सांगतात आणि ते पाळण्यात कुणाचं काही जात नाही.

युरोपात १६७१ मध्ये हर्टोट नावाच्या वैद्याने केशरावर अख्खा ग्रंथ लिहिला, ‘क्रोकोलोजिया’. दातदुखीपासून प्लेगपर्यंत त्याला केशर चालत होतं. कावीळ झाली की केशर, कारण? रंग पिवळा! सारख्याला सारखं, हे त्या काळचं तत्त्व. गोवर बाहेर पडावा म्हणून केशराचा काढा पाजत. गोवर कुठल्याही काढ्याविनाही बाहेर पडतोच आणि बहुतेकदा बराही होतो, त्यामुळे काढ्याचं नाव होत राहिलं.

पण केशराला श्रेय कसं मिळत गेलं याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे इंग्रज डॉक्टर टॉमस सिडनहॅमचं लॉडनम. सतराव्या शतकातलं हे औषध दुखणं, जुलाब, खोकला, निद्रानाश यांवर रामबाण मानलं जाई. त्यात काय होतं? पाइंटभर द्राक्षासव, दोन औंस अफू, एक औंस केशर, थोडी दालचिनी आणि लवंग. रोग्याला झोप लागे, कळ थांबे, जुलाब आटपत. हे सगळं अफूचं काम. केशर शेजारी उभं होतं आणि सोनेरी रंगामुळे औषध दिसायला मौल्यवान वाटे. युरोपच्या औषधसूचींत हे मिश्रण पुढे दोनशे वर्षं टिकलं.

मिश्रणात कुणाचं श्रेय कुणाला, हा प्रश्न आपल्या कुंकुमादि तेलालाही लागू आहे. नाव केशराचं, पण आत मंजिष्ठा, चंदन, ज्येष्ठमध आणि इतर बऱ्याच वनस्पती. तेलाने त्वचा मऊ झाली तर ती केशरामुळे, ज्येष्ठमधामुळे की नुसत्या तेलाच्या मालिशमुळे? एकेक घटक वेगळा काढून, बाकी सारं तेच ठेवून पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही. जुन्या वैद्यांना निरीक्षण येत नव्हतं असं नव्हे. त्यांच्याजवळ तुलना करण्याची पद्धत नव्हती.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्र पुढे गेलं, अफूतून मॉर्फिन आणि सिंकोनातून क्विनाइन वेगळं झालं. केशरातून असं जोरकस काही हाती लागलं नाही. मग पाश्चात्त्य औषधालयात ते हळूहळू औषधाला रंग देण्यापुरतं उरलं.

तेहरानची चाचणी

गोष्ट इथे संपली असती. पण जगातलं बहुतांश केशर पिकवणाऱ्या इराणमध्ये शाहीन अखोंदजादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या ‘मुफर्रिह’ या दाव्याची नव्या पद्धतीने परीक्षा घ्यायचं ठरवलं. २००४ मध्ये त्यांनी तेहरानमध्ये नैराश्याच्या ३० रुग्णांवर सहा आठवडे चाचणी केली. निम्म्यांना रोज ३० मिलिग्रॅम केशराचा अर्क, निम्म्यांना इमिप्रमिन हे नैराश्यावरचं प्रस्थापित औषध. कुणाला काय मिळतं आहे हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. केशराला वास आणि रंग असल्यामुळे ते कॅप्सूलमध्ये बंद करणं इथे फारच गरजेचं होतं. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच दिसली.

इथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावं: म्हणजे केशर इमिप्रमिनइतकंच गुणकारी ठरलं का? नाही. तीसच माणसं असतील तर फरक असूनही तो दिसला नसेल. शिवाय नैराश्य काही वेळा कालांतराने आपोआपही कमी होतं. आणि या चाचणीत नुसती पोकळ गोळी घेणारा तिसरा गटच नव्हता. ही उणीव त्यांच्याही लक्षात होती. २००५ मध्ये ४० रुग्णांवर केशर आणि पोकळ गोळी अशी थेट तुलना त्यांनी केली आणि केशराचा गट अधिक सुधारला. पुढे स्मृतिभ्रंशाच्या ४६ रुग्णांवर १६ आठवड्यांची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी इटलीत वार्धक्यातल्या दृष्टिदोषाच्या २५ रुग्णांवर केशराचा थोडा चांगला परिणाम दिसला.

या सगळ्या आकड्यांकडे पुन्हा बघा: ३०, ४०, ४६, २५. आपल्या शाळेतल्या एकेका वर्गात याहून जास्त मुलं असतात! चाचण्या आठवड्यांत मोजण्याएवढ्या, बऱ्याचशा एकाच देशातल्या, आणि तोही केशर विकणारा देश. नंतरच्या काही चाचण्यांना केशराचा अर्क बनवणाऱ्या कंपन्यांचं पाठबळ होतं. यात लबाडी आहे असं नाही. पण ज्याचा माल त्यानेच दिलेलं प्रशस्तिपत्र जरा जपून वाचावं, एवढंच. माझं मत विचाराल तर सौम्य नैराश्यात केशराचा काही उपयोग असावा, असं म्हणण्याइतका पुरावा आता आहे. चालू असलेलं औषध बंद करून केशर घ्यावं, असं म्हणण्याइतका अजिबात नाही. तीव्र नैराश्य जीवघेणं असतं, तिथे डॉक्टरच हवा.

आणि मौज पाहा. वैद्यांच्या लांबलचक यादीतून कावीळ गेली, प्लेग गेला, गोवर गेला. टिकून राहिला तो मन प्रसन्न करण्याचा दावा. जहांगीरने नेमका त्याच दाव्याला हात घातला होता, पण ‘हसून मरण’ हे अतिशयोक्त टोक तपासलं. मात्राही किती? ३० मिलिग्रॅमच्या हिशेबाने १८० ग्रॅम म्हणजे सोळा वर्षांचं औषध एका बैठकीत.

दुधातल्या चार काड्या

आपल्याकडे केशराची परीक्षा घरोघरी वेगळ्याच निमित्ताने होते. सून गर्भार राहिली की कुणीतरी डबी आणून देतं: दुधात घालून घे, बाळ गोरं होईल. विज्ञानाच्या शिक्षकाला हा प्रश्न वर्गात कधी ना कधी येतोच, आणि तो टाळू नये.

हिशेब करू. दीड लाख फुलं म्हणजे साडेचार लाख काड्या, त्यांचं वजन एक किलो. म्हणजे एक काडी सुमारे दोन मिलिग्रॅम. दुधात चार काड्या घातल्या तर आठ-नऊ मिलिग्रॅम. त्यातलं क्रोसिन आतड्यात फुटतं, साखर सुटी होते आणि उरलेला भाग काही काळाने शरीराबाहेर जातो. बाळाच्या त्वचेचा रंग ठरतो मेलॅनिन किती आणि कसं तयार होतं यावर, आणि ते ठरवणारी जनुकं गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेली असतात. केशराचं पिवळं रंगद्रव्य त्यात कुठेच येत नाही. जुन्या ग्रंथांतला ‘वर्ण्य’ हा शब्दसुद्धा ज्याच्या त्वचेवर उपचार होतो त्याच्याविषयी आहे. तो आईच्या पेल्यातून बाळाच्या कातडीपर्यंत कधी पोचला कोण जाणे. गोऱ्या रंगाची आपली हौस शब्दाचा अर्थ वाकवायला पुरेशी आहे.

उलट, पाळी आणण्यासाठी केशर द्यावं असं ग्रीक आणि अरबी वैद्यकात सांगितलं आहे, आणि म्हणूनच गर्भारपणी मोठ्या मात्रेत केशर टाळावं असा आजही सल्ला दिला जातो. चार काड्या ही स्वयंपाकातली मात्रा आहे, तिने काही बिघडत नाही. पण जिथे पैसा मोजका आहे तिथे एक ग्रॅम केशराला काही शे रुपये घालवायचे आणि त्याच बाईच्या ताटात डाळ, पालेभाजी, अंडं नाही, लोहाच्या गोळ्या तिने अर्ध्यावर सोडल्या आहेत, हे चित्र आपण पाहिलेलं आहे. पेल्यातलं दूध मात्र तिला जरूर मिळावं. त्यातलं प्रथिन आणि कॅल्शियम खरं आहे.

शिवाय त्या डबीत केशर आहे कशावरून? इथे दोन्ही परीक्षा एकत्र येतात. तेहरानच्या चाचणीत काय दिलं हे मोजलेलं होतं. बाजारातल्या डबीत रंगवलेले मक्याच्या कणसाचे केस असतील, हळद असेल, किंवा आपल्या मराठवाड्या-सोलापूरकडच्या शेतात भरपूर फुलणाऱ्या करडईच्या पाकळ्या असतील. करडईला तर काही ठिकाणी केशर म्हणूनच खपवतात.

हे वर्गात तपासता येतं. कुणाच्या घरून चार काड्या, करडईची काही वाळलेली फुलं, चिमूटभर हळद, एक भिंग आणि तीन पेले कोमट पाणी, इतकं सामान पुरे. काडी आधी पाण्यात भिजवून भिंगाखाली बघा. केशराची काडी टोकाकडे रुंद होत जाते, तुतारीसारखी, आणि तिच्या कडेला बारीक दाते असतात. करडईचं फूल म्हणजे बारीक नळी, आणि टोकाला तिच्या पाच चिंचोळ्या पाकळ्या होतात. मग एकेक नमुना वेगवेगळ्या पेल्यात टाकून स्वस्थ बसा. खऱ्या केशराचं पाणी सावकाश सोनेरी पिवळं होत जातं आणि काडी बराच वेळ लालच राहते. काडी लगेच पांढरी पडली आणि पाणी झटकन लाल झालं तर ती रंगवलेली समजावी. शेवटी हळदीच्या आणि केशराच्या पाण्यात धुण्याच्या सोड्याची चिमूट टाका. केशराचं पाणी पिवळंच राहील. हळदीचं लालसर होईल, कुंकवाच्या रंगाकडे झुकणारं.